उकल आणि आकलन : कथाप्रधान कोडेखेळांच्या समीक्षेविषयी काही विचार

वाङ्मय, नाट्य आणि चित्रपट या कलांच्या समीक्षेची परंपरा मराठीत दीर्घ आहे. व्हिडिओ गेम या प्रकाराकडे मात्र आपल्याकडील विचारवंत अद्याप मुलांचा वेळकाढूपणा म्हणूनच पाहतात. जे त्याविषयी लिहितात तेही बहुधा चित्रांची सफाई, किंमत आणि खेळ संपविण्यास लागणारे तास यांचा हिशेब मांडतात आणि अखेरीस दहापैकी अमुक गुण देऊन मोकळे होतात. नेमबाजीच्या किंवा मोटारशर्यतीच्या खेळास ही पद्धत कदाचित पुरेशी ठरेल. परंतु ज्या खेळांत एक कथा आहे, त्या कथेत कोडी आहेत आणि ती सोडविल्यावाचून कथा पुढे सरकत नाही, अशा खेळांची परीक्षा या मापाने होऊ शकत नाही, असे आमचे मत आहे. कारण तेथे पाहणे, ताडून पाहणे आणि समजून घेणे याच खेळणाऱ्याच्या मुख्य कृती असतात. हात निमित्तमात्र असतो. मनुष्य एखादी गोष्ट कशी जाणतो, हा प्रश्न ज्यांना महत्त्वाचा वाटतो, त्यांनी या खेळांकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात आम्ही अशा काही खेळांचा परामर्श घेणार आहोत. या खेळांत कोड्याची उकल आणि कथेचे आकलन यांचे नाते काय आहे, एवढाच प्रश्न आमच्यापुढे आहे. उकल झाली म्हणजे आकलन झाले असे नव्हे. या दोहोंतील अंतर ज्या खेळाने मिटविले तो श्रेष्ठ, आणि ज्याने ते वाढविले तो कितीही देखणा असला तरी कनिष्ठ, हे आमचे प्रतिपादन आहे.

१. परंपरेचा धावता आढावा

या प्रकाराचा उगम एका गुहेत आहे. विल्यम क्राउदर हे अमेरिकन संगणकतज्ज्ञ गुहासंशोधनाचे छंदी होते. केंटकी राज्यातील मॅमथ केव्ह या विस्तीर्ण गुहासमूहाच्या आधारे त्यांनी १९७५-७६ च्या सुमारास एक खेळ रचला. त्यात चित्र नव्हते. पडद्यावर गुहेचे वर्णन उमटे आणि खेळणारा दोन-दोन शब्दांच्या आज्ञा टंकून पुढे जाई. डॉन वुड्स यांनी १९७७ मध्ये त्याचा विस्तार केला. या खेळाच्या नावातील 'अ‍ॅडव्हेंचर' हा शब्दच पुढे साऱ्या प्रकाराला चिकटला. १९८० मध्ये रॉबर्टा विल्यम्स आणि त्यांचे पती केन यांच्या 'मिस्टरी हाउस'ने शब्दांच्या जोडीला चित्रे आणली, आणि याच दांपत्याच्या सिएरा संस्थेच्या 'किंग्ज क्वेस्ट' (१९८४) ने हा प्रकार लोकप्रिय केला.

सिएराच्या अनेक खेळांत पावलोपावली मृत्यू असे. आरंभी एखादी वस्तू उचलावयाची राहिली तर पुष्कळ पुढे गेल्यावर वाट कायमची बंद होई. रॉन गिल्बर्ट यांनी १९८९ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात या पद्धतीवर कडक टीका केली. कुलूप दिसण्यापूर्वीच किल्ली हाती पडणे हाही रचनेचा दोष होय, असे त्यांनी दाखविले. पुढच्याच वर्षी आलेला त्यांचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' (१९९०) हा या टीकेचा कृतिरूप पुरावा होता. या प्रकारात समीक्षा आणि निर्मिती यांची अशी सांगड आरंभापासून आहे, हे आम्हास येथे नमूद करावेसे वाटते.

२. कथेला चिकटविलेले कोडे

प्रथम दोषाचे उदाहरण घेऊ. 'गॅब्रिएल नाइट'च्या तिसऱ्या भागात (१९९९) नायकास एक मोटारसायकल भाड्याने हवी असते. ती त्याच्या मित्राच्या नावे राखून ठेवलेली असते. तेव्हा नायकाने मित्राचे सोंग घ्यावयाचे. त्यासाठी दाराच्या फटीशी चिकटपट्टी लावून मांजराचे केस मिळवायचे, पाकाने ते ओठावर चिकटवून मिशी करायची, आणि गंमत अशी की मित्राला मिशीच नसल्यामुळे त्याच्या पासपोर्टवरील छायाचित्रात पेनने मिशी काढायची! कोडे सुटते, पण त्यातून खेळणारा काय शिकतो? नायकाविषयी, मित्राविषयी किंवा ज्या रहस्याचा शोध चालला आहे त्याविषयी तो काहीच शिकत नाही. रचनाकाराच्या मनात काय होते एवढे मात्र त्याला कळते. येथे उकल आहे, आकलन नाही.

हा दोष नेहमीच असा हास्यास्पद रूपात येतो असे नाही. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' (२०२०) हा खेळ मुख्यतः लढाईचा आहे, परंतु त्यात मधूनमधून कोडी आहेत. वर्तुळाकार चकत्या फिरवून विस्कटलेले चित्र जुळवावयाचे, आणि जुळले की राजी व तिचा हरवलेला भाऊ गोलू यांच्या आठवणीतील एक प्रसंग समोर येतो. शिल्प, रंग आणि वास्तू यांची कारागिरी वाखाणण्याजोगी आहे, आणि आपल्या भूमीत अशी कृती झाली याचा आम्हास आनंद आहे. तथापि चकत्या फिरविणारा हात बहिणीचे दुःख जाणल्यावाचूनही फिरू शकतो. आठवण ही कोड्याचे बक्षीस म्हणून मिळते. कोडे सोडविण्यासाठी ती आठवावी लागत नाही. कथा आणि कोडे शेजारी राहतात, पण त्यांचा सोयरसंबंध जुळत नाही.

३. 'मिस्ट' : ज्ञानाची शिदोरी

रँड आणि रॉबिन मिलर या बंधूंच्या सायन या संस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेला 'मिस्ट' हा या विवेचनातील पहिला मोठा टप्पा होय. एका निर्जन बेटावर आपण उभे असतो. कोणी काही सांगत नाही. ग्रंथालयात निळ्या आणि तांबड्या अशा दोन पुस्तकांत सिरस आणि अ‍ॅकेनार हे दोघे भाऊ अडकलेले आहेत. आपली सुटका करावी म्हणून दोघेही विनवितात आणि दोघेही परस्परांवर आरोप करतात. बेटावरून निरनिराळ्या जगांत जाऊन त्यांच्या पुस्तकांची गळालेली पाने आणावयाची, आणि आणताना कोणावर विश्वास ठेवायचा हे ठरवायचे. या जगांत दोघा भावांच्या खोल्या आहेत. त्यांनी काय जमविले, काय लपविले हे पाहिल्यावर त्यांच्या शब्दांचे मोल कळते. म्हणजे साक्ष ऐकावी लागते, पण निवाडा पुराव्यावरूनच करावा लागतो.

या खेळाचे एक वैशिष्ट्य विशेष विचारार्ह आहे. शेवटाकडे नेणारी वाट आरंभीच्या बेटावरच आहे. ज्याला ती ठाऊक आहे तो काही मिनिटांत खेळ संपवू शकतो. ज्याला ठाऊक नाही त्याला अनेक दिवस लागतात. दोघांमध्ये अंतर फक्त जाणण्याचे आहे. गोळा केलेली तलवार नाही, वाढविलेले बळ नाही. ज्ञान हीच एकमेव शिदोरी. संगणकावरील खेळांत 'मिस्ट' कित्येक वर्षे सर्वाधिक खपाचा राहिला, हे लक्षात घेतले म्हणजे अशा शांत खेळाला वाचकवर्ग नाही हे म्हणणे टिकत नाही.

तरीही 'मिस्ट'मध्ये उणीव आहे. त्यातील पुष्कळशी यंत्रे, आवाजांच्या खुणा आणि आकड्यांचे मेळ ही कोडी भावांच्या कथेशी दुरूनच जोडलेली आहेत. खोल्या कथा सांगतात, यंत्रे वाट अडवितात. दोन्ही कामे एकाच वस्तूने करावीत ही अपेक्षा पुरी होण्यास पुढे पाव शतक जावे लागले.

४. 'आउटर वाइल्ड्स' : पुन्हा पुन्हा पाहणे

ॲलेक्स बीचम यांनी विद्यापीठातील पदव्युत्तर प्रकल्प म्हणून आरंभिलेला आणि मोबियस डिजिटल या संस्थेने २०१९ मध्ये पूर्णत्वास नेलेला 'आउटर वाइल्ड्स' ती अपेक्षा पुरी करतो. २०२० मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेने त्यास सर्वोत्कृष्ट खेळाचा पुरस्कार दिला.

एका चिमुकल्या सूर्यमालेतील एका ग्रहावरून आपण लाकडी ठिगळांच्या यानात बसून निघतो. बावीस मिनिटांनी सूर्याचा स्फोट होतो आणि सर्व काही नष्ट होते. पुन्हा डोळे उघडतात ते त्याच शेकोटीजवळ, त्याच सकाळी. गावातील मंडळींना काहीही आठवत नाही. सोबत राहते ते फक्त आपण जाणलेले, आणि यानातील टिपणवहीत नोंदलेले. फार पूर्वी या ग्रहमालेत राहून नाहीशा झालेल्या नोमाय नामक लोकांचे भिंतींवरील लेख आपण भाषांतराच्या यंत्राने वाचत जातो. ते कोण होते, कशाचा शोध घेत होते, आणि सूर्य का संपतो, हे प्रश्न एकात एक गुंतलेले आहेत.

येथे कुलपे जवळजवळ नाहीतच. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरील वाळू दुसऱ्यावर सतत ओतत राहते. पहिल्यावर जे गाडलेले ते हळूहळू उघडे पडते, दुसऱ्यावर जे उघडे ते हळूहळू बुजते. तेव्हा एका ठिकाणी लवकर पोहोचले पाहिजे, दुसऱ्या ठिकाणी उशिरा. हे कोणी सांगत नाही. वाळू पडताना पाहिली म्हणजे समजते. आणखी एक उदाहरण घेऊ. नोमाय मुलांच्या एका खेळाचे नियम एका गुहेत लिहून ठेवलेले आढळतात. वाचणाऱ्यास ते प्रथम केवळ गोड वाटतात. पुढे एका धुकट, भयावह प्रदेशात राक्षसी माशांनी आपल्याला चार-पाच वेळा गिळल्यावर त्या बाळखेळातील एक नियम एकाएकी आठवतो, आणि भीतीची जागा समज घेते. तो नियम कोणता, हे आम्ही मुद्दाम सांगत नाही. ज्या ओळीत त्या मुलांचे बालपण जिवंत आहे, त्याच ओळीत वाटही दडलेली आहे. कथा वाचणे आणि कोडे सोडविणे या येथे दोन क्रिया राहिलेल्या नाहीत.

अनित्यतेचा विषय या खेळाने निवडला असल्याने आमच्या वाचकांस त्याविषयी विशेष कुतूहल वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच त्यातील एका गोष्टीबद्दल आमचा मतभेद स्पष्टपणे नोंदविणे अगत्याचे आहे. गॅब्रो नावाचा एक प्रवासी वादळी समुद्राच्या ग्रहावर झोळीत पहुडलेला भेटतो. या कालचक्राची जाणीव त्यालाही आहे. तो आपल्याला ध्यान शिकवितो. आणि या ध्यानाचा खेळातील उपयोग काय? डोळे मिटावे, उरलेली मिनिटे निघून जावीत आणि पुढचे चक्र सुरू व्हावे, एवढाच. ही सोय म्हणून ठीक आहे. परंतु ध्यान म्हणजे वेळ टाळणे नव्हे. जे घडत आहे त्याला सावधपणे सामोरे जाणे, हा त्याचा अर्थ आमच्या परंपरेने मानला आहे. त्या अर्थाचे ध्यान या खेळात आहे, पण ते अन्यत्र आहे. सूर्य संपण्यापूर्वी एक संथ सूर ऐकू येऊ लागतो. अनुभवी खेळणारा तोवर धावपळ सोडून एखाद्या कड्यावर बसून आकाश पाहू लागतो. प्रथम ज्या सुराने छाती धडधडत असे तोच सूर ऐकत तो शांत बसतो. या बदलाला कोणी गुण देत नाही आणि टिपणवहीत त्याची नोंदही होत नाही. आमच्या मते या कृतीचे खरे यश तेथे आहे.

५. 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' : नाव देणे

दुसरी श्रेष्ठ कृती आम्हास अधिक अस्वस्थ करून गेली. 'पेपर्स, प्लीज' (२०१३) या खेळाने ज्ञात झालेले लुकास पोप यांचा 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' २०१८ मध्ये आला. काळ १८०७. पाच वर्षांपूर्वी लंडनहून निघालेले आणि हरवले असे समजले गेलेले एक व्यापारी गलबत फाल्मथ बंदराशी आपोआप येऊन लागते. त्यावर जिवंत कोणी नाही. ईस्ट इंडिया कंपनीचा विमा-निरीक्षक म्हणून आपण त्यावर चढतो. हाती एक घड्याळ असते. मृतदेहाजवळ ते उघडले की त्या मनुष्याच्या अखेरच्या क्षणांतील आवाज अंधारात ऐकू येतात आणि मग तो क्षण गोठलेल्या चित्रासारखा समोर उभा राहतो. आपण त्यात फिरावे, न्याहाळावे आणि वहीत लिहावे : हा कोण, कसा मेला, कोणाच्या हातून. गलबतावर एकूण ६० माणसे होती. साठही जणांचा हिशेब लागला पाहिजे.

सारे चित्रण केवळ दोन छटांत, जुन्या कोरीव छापाच्या धर्तीवर आहे. कोणाच्या पायात कसले जोडे, कोण कोणाच्या शेजारी उभा, कोण कोठे झोपतो, कोणाच्या बोलण्याची ढब कोणती, अशा क्षुल्लक गोष्टींवरून मनुष्य ओळखावा लागतो. एखाद्या खलाशाच्या मृत्यूचा उलगडा दहा अन्य मृत्यूंच्या कोपऱ्यांत विखुरलेला असतो. ज्याच्याकडे कोणीच लक्ष दिले नसते त्याच्याकडे लक्ष देणे, हे या खेळाने भाग पाडले आहे. हे त्याचे मोठेपण आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

परंतु दोन प्रश्न उपस्थित होतात. पहिला रचनेचा. तीन माणसांच्या नोंदी बिनचूक झाल्या म्हणजे वही त्या छापील अक्षरांत कायम करते. नुसत्या तर्कटाने खेळ संपवू नये म्हणून ही योजना आहे. तथापि दोन नोंदी पक्क्या असल्या की तिसरी अंदाजाने बदलून पाहता येते आणि वही होकार देते. शेवटच्या डझनभर नावांच्या बाबतीत आम्ही स्वतः हेच केले, हे लपविण्यात अर्थ नाही. उकल झाली, आकलन झाले नाही. ती माणसे आज आमच्या स्मरणातही नाहीत.

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. यादीत प्रत्येकाचे नाव, हुद्दा आणि मूळ देश दिलेला आहे. त्यात हिंदुस्थानी खलाशीही आहेत, आणि त्यांची 'अब्राहम अकबर', 'विल्यम वासिम' अशी अर्धी साहेबी नावे आहेत. मुंबई बंदरातून आणि कोकण किनाऱ्यावरून गोऱ्यांच्या जहाजांवर गेलेल्या खलाशांची आठवण ज्यांच्या घरात आहे, त्यांना या नावांपाशी थबकल्यावाचून राहवणार नाही. ही माणसे ओळखण्यासाठी खेळणारा काय करतो? वर्ण पाहतो, पेहराव पाहतो, कोण कोणाच्या घोळक्यात वावरतो ते पाहतो, आणि त्यांना त्यांच्या रकान्यात बसवितो. शिरगणतीच्या कारकुनाची ही दृष्टी. जन्म आणि रूप यांवरून माणसाची जागा ठरविणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. अखेरीस कंपनीचा अहवाल तयार होतो. कोणाच्या वारसांना भरपाई, कोणाच्या वारसांना दंड. साठ माणसे विम्याच्या जमाखर्चात मिटतात.

हा खेळाचा दोष मानावा की त्याचे कठोर सत्य? आम्ही बराच काळ या प्रश्नाशी थांबलो. आमचा निष्कर्ष असा की पोप यांनी कंपनीची वही निवडली ती जाणूनबुजून निवडली आहे. तिच्या कोरडेपणावाचून त्या गोठलेल्या चेहऱ्यांची वेदना इतकी दिसली नसती. पण वहीच्या पलीकडे पाहण्याचे काम त्यांनी सर्वस्वी खेळणाऱ्यावर सोपविले आहे. जो केवळ साठाचा आकडा पुरा करतो त्याला हा खेळ काहीच सांगत नाही. नाव कळणे म्हणजे माणूस कळणे नव्हे, एवढे ज्याला जाणवले त्यालाच तो संपूर्ण लाभला.

६. समीक्षकाचे कर्तव्य

वरील विवेचनातून समीक्षेविषयी एक अडचण निघते. कादंबरीचा शेवट आधी कळला तरी कादंबरी वाचता येते. उत्तम कादंबरी पुन्हा पुन्हा वाचली जाते. परंतु ज्या खेळात जाणणे हीच कृती आहे, तो एकदा जाणल्यावर पुन्हा खेळता येत नाही. 'आउटर वाइल्ड्स' मनुष्याच्या वाट्याला एकदाच येतो. म्हणून समीक्षकाने दिलेले उत्तर ही माहिती नसून अपहार होय.

येथे आमचा एक अनुभव सांगणे अप्रस्तुत होणार नाही. या खेळातील एका दालनात कसे शिरावे, हे आम्हास सलग तीन संध्याकाळी उमगले नाही. चौथ्या दिवशी आम्ही धीर सोडला आणि तयार उत्तर शोधून वाचले. दार उघडले. आत जे होते ते महत्त्वाचे होते, हे बुद्धीला पटले. मनाला काहीच झाले नाही. पुढे कळले की त्या उत्तराचा दुवा आम्ही पहिल्याच दिवशी वाचलेल्या एका लेखात होता, आणि आणखी एक फेरी मारली असती तर तो आपसूक जुळला असता. खेळातील बाकी सर्व ठिकाणे आम्हास आजही जशीच्या तशी आठवतात. ते दालन मात्र परक्याच्या घरासारखे राहिले आहे. दुसऱ्याने दिलेले उत्तर खोटे नव्हते, पण ते आमचे नव्हते.

तेव्हा समीक्षकाने करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी. कोडे कथेतून उगवले आहे की तिला चिकटविले आहे, हे उदाहरणासह दाखवावे. मात्र उदाहरण गौण निवडावे. खेळ खेळणाऱ्याला कोणत्या दृष्टीने पाहावयास लावतो आणि ती दृष्टी न्याय्य आहे काय, हे विचारावे. आणि जेथे वाचकाने स्वतः पोहोचावयाचे आहे तेथे दिशा दाखवून थांबावे. सूर्य का संपतो हे आम्ही या लेखात सांगितले नाही, ते विस्मरणाने नव्हे.

उपसंहार

गुण देऊन मोकळे होणाऱ्या समीक्षेस हे सारे निरुपयोगी वाटेल. 'मिस्ट'ला किती, 'ओब्रा डिन'ला किती, असा आकडा आमच्याकडे मागितला तर तो देण्यास आम्ही असमर्थ आहोत. एवढे मात्र सांगू शकतो की पहिल्या खेळाने आम्हास साक्षीपेक्षा पुरावा पाहावयास शिकविले, दुसऱ्याने संपणाऱ्या गोष्टीकडे न घाबरता पाहावयास शिकविले, आणि तिसऱ्याने आमच्याच पाहण्याविषयी संशय निर्माण केला. या तिन्ही गोष्टी ज्याला आधीच साधल्या आहेत त्याने हे खेळ खुशाल मुलांसाठी सोडून द्यावेत. इतरांनी एखादी मोकळी संध्याकाळ काढून, उत्तरांची पाने मिटून ठेवून, ते स्वतः खेळून पाहावेत, अशी आमची सुज्ञ वाचकांस विनंती आहे.